‘कृपा व शांती’ : प्रेषितांच्या पत्रांचा मायना

ओळखीच्या माणसाचे पत्र हाती आले की मायन्याकडे कोणी फारसे पाहत नाही. ‘सप्रेम नमस्कार, विनंती विशेष’ हे शब्द नजरेखालून जातात खरे, पण मन त्यांच्यापुढे धावत असते. मजकूर काय आहे हे कळण्याची घाई असते. शेवटचे ‘कळावे, लोभ असावा’ हेही तसेच. मायना नसला तर मात्र तो चटकन जाणवतो आणि मनाला लागतो. नव्या करारातील पत्रे उपासनेत वाचताना आपली हीच सवय आपल्याबरोबर व्यासपीठावर चढते. शास्त्रपाठ नेमताना पहिली दोन-तीन वचने सोडून आरंभ करावा, अखेरच्या अध्यायातील नावांची यादी गाळावी आणि प्रवचन तर सिद्धांताच्या भागावरच करावे, असा जणू रिवाज पडला आहे. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायावर प्रवचन ऐकल्याचे आपल्यापैकी किती जणांना आठवते?

ह्या उपेक्षेचे एक कारण असे दिसते की, मायन्याविषयी सांगण्यासारखे जे काही आहे ते एका वाक्यात सांगून झाले आहे, अशी आपली समजूत आहे. ते वाक्य बहुतेकांनी वर्गात उतरवून घेतलेले असते. ग्रीक माणूस दुसऱ्याला भेटला की ‘खायरे’ म्हणे, यहूदी ‘शालोम’ म्हणे; पौलाने पहिल्या शब्दाचे ‘खारिस’ म्हणजे कृपा केले, दुसऱ्याचे ‘एइरेने’ म्हणजे शांती केले, आणि यहूदी व हेल्लेणी ह्यांना एकाच नमस्कारात बांधून टाकले. वाक्य सुबक आहे. प्रस्तुत लेखकाने स्वतः ते अनेकदा व्यासपीठावरून उच्चारले आहे, हे कबूल केले पाहिजे. त्याच्या सुबकपणाविषयी शंका मात्र वर्गात उत्पन्न झाली नाही. ती उत्पन्न केली सीमाभागातील एका खेड्यातल्या वृद्ध धर्मशिक्षकांनी.

त्या गावी पाळक महिन्यातून एकदा येतात. उरलेल्या रविवारी हे गृहस्थ उपासना चालवतात. त्यांनी विचारले, “साहेब, शेवटचे आशीर्वचन म्हणताना मी ‘तुम्हांबरोबर असो’ म्हणायचे नाही, मला दीक्षा नाही म्हणून ‘आपणांबरोबर असो’ म्हणायचे, असे मला शिकवलेले आहे. ते मी पाळतो. पण त्याच उपासनेत मी पौलाचे पत्र वाचतो तेव्हा ‘तुम्हांला’ कृपा व शांती असो असेच वाचावे लागते. तेथे बदल करता येत नाही. मग त्या वेळी ते कोण म्हणत असते? पौल म्हणतो की मी म्हणतो?” प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी देता आले नाही. ते शोधताना वरील सुबक वाक्याचा उपयोग होत नाही, एवढे मात्र लवकरच ध्यानात आले.

प्रथम ग्रीक पत्राची घडण पाहू. मिसर देशाच्या कोरड्या वाळूत सामान्य माणसांची असंख्य पपायरसपत्रे टिकून राहिली, आणि आडोल्फ डाइसमान ह्या जर्मन पंडिताने १९०८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ती नव्या कराराच्या शेजारी ठेवून वाचून दाखवली. तेव्हापासून पौलाची पत्रे ‘पत्रे’ म्हणून वाचण्याची वाट मोकळी झाली. ह्या पत्रांचा मायना तीन पदांचा असतो : अमुक, अमुकास, खायरेइन. ‘खायरेइन’चा मूळ अर्थ आनंदात असणे, ‘अमुक अमुकास आनंदात असावे असे सांगतो’ एवढे वाक्य त्यात गृहीत आहे. वरिष्ठाला अर्ज करायचा असेल तर त्याचे नाव आधी येई आणि अर्जदाराचे मागून. शेवटी ‘एर्रोसो’, म्हणजे धडधाकट राहा, असा निरोप. इतके झाले की पत्र पुरे.

हा आनंद किती झिजलेला होता ह्याचे एक उदाहरण विसरता येत नाही. इ. स. पू. १ मध्ये हिलारियोन नावाचा मजूर आलेक्सांद्रियाहून आपल्या आलिस नावाच्या पत्नीला पत्र लिहितो. (तिला तो तेथील रीतीप्रमाणे ‘बहीण’ म्हणतो.) मायन्यात ‘पुष्कळ पुष्कळ खायरेइन’ आहे. मजकुरात, तू बाळंत झालीस आणि मुलगा झाला तर राहू दे, मुलगी झाली तर टाकून दे, असे आहे. पत्र क्रूर माणसाचे नाही. पत्नीने आपल्याला विसरू नकोस म्हटल्याचे त्याला आठवते आणि तो तिची समजूत घालतो. मायन्यातील आनंदाचा मजकुराशी काही संबंध असावा, हे त्याच्या स्वप्नातही नाही.

मग ‘शालोम’ तरी जिवंत होता काय? सुबक वाक्यात तो नेहमी भारदस्त असतो : देवाच्या करारातील परिपूर्णता, मसीहाच्या राज्याचे सुख, इत्यादी. शब्दाला तो अर्थ आहे हे खरेच. परंतु पत्रातल्या ‘शालोम’ची गोष्ट वेगळी. इ. स. १३२ ते १३५ च्या बंडाचा पुढारी शिमोन बार कोसिबा, म्हणजे ज्याला आपण बार कोखबा म्हणून ओळखतो, त्याची काही पत्रे यहूदाच्या अरण्यातील गुहांत सापडली. त्यांपैकी मुरब्बाआतच्या दरीत मिळालेले एक पत्र येशुआ बेन गलगुला नावाच्या अधिकाऱ्यास आहे. आरंभी ‘शालोम’. पुढे लगेच आकाशाची शपथ घालून अशी धमकी, की माझे ऐकले नाहीस तर अमक्याच्या पायांत घातल्या तशा बेड्या तुझ्याही पायांत घालीन. हिलारियोनचा खायरेइन आणि बार कोसिबाचा शालोम ही दोन्ही नाणी चलनात सारखीच गुळगुळीत झालेली होती. दोन गुळगुळीत नाणी एकत्र केली म्हणून सोन्याची मोहर होत नाही.

शिवाय दोन्ही एकत्र करण्याचे श्रेयही पौलाकडे जात नाही. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या आरंभी यरुशलेमेच्या यहूद्यांनी मिसरातील यहूदी बांधवांना लिहिलेले पत्र आहे; त्यावरील वर्ष आपल्या गणनेने इ. स. पू. १२४ येते. त्यात ‘खायरेइन’ आहे आणि त्याच वाक्यात ‘चांगली शांती’ही आहे. पौलाच्या जन्मापूर्वीच यहूदी लेखणीने ही जोडणी केली होती. बारूखाच्या सिरियाक प्रकटीकरणात बंदिवासातील बांधवांना जे पत्र आहे, त्याच्या मायन्यात ‘दया व शांती’ अशी जोडी येते. तो ग्रंथ पौलानंतरचा, यरुशलेमेच्या नाशानंतरचा आहे, परंतु पौलालाही ही जोडी परिचित असावी, कारण गलतीकरांस पत्राच्या अखेरीस त्याने ‘शांती व दया’ असे दोन्ही शब्द देवाच्या इस्राएलासाठी योजले आहेत (गल. ६:१६). म्हणजे ‘कृपा’ हा शब्द ‘खायरेइन’वरील कोटीतूनच जन्मला असे धरण्याचे कारण नाही. अहरोनाच्या आशीर्वचनात देवाने कृपा करावी आणि शांती द्यावी ह्या दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ आहेत (गण. ६:२५-२६), तेथूनही वाट येऊ शकते. कानाला ‘खायरेइन’ आणि ‘खारिस’ ह्यांचे साम्य जाणवत असणारच. परंतु कानाला जाणवणारे साम्य म्हणजे पदाची उत्पत्ती नव्हे.

तिसऱ्या शतकाच्या आरंभी तर्तुलियनाने मार्किओनाविरुद्ध लिहिताना ह्याच मायन्यावर बोट ठेवले होते, हे फारसे सांगितले जात नाही. यहूदी देवाशी ज्याचा काही संबंध नाही असा हा तुमचा पौल, मग तो यहूद्यांच्या रीतीने ‘शांती’ म्हणून अभिवादन का करतो, असा त्याचा सवाल आहे. त्याला ह्या मायन्यात दोन संस्कृतींचा समेट दिसला नाही. त्याला जुन्या कराराशी न तुटणारे नाते दिसले. वादाच्या भरात लिहिलेले असले तरी त्याचे निरीक्षण आपल्या सुबक वाक्यापेक्षा खोल आहे.

आता पौलाने खरोखर केले काय, ते पाहू. नवीन आहे ते शब्दांत कमी आणि वाक्यरचनेत जास्त आहे. ग्रीक मायना हे एकच वाक्य असते आणि त्याचा कर्ता पत्रलेखक असतो. आनंद त्याच्याकडून निघतो आणि वाचणाऱ्याकडे जातो. पौल हे वाक्य मोडतो. ‘पौल, अमुक ठिकाणच्या मंडळीस’ एवढ्यावर पहिले वाक्य अपुरेच थांबते; क्रियापद येतच नाही. मग नवे वाक्य सुरू होते, आणि त्यात कर्त्याच्या जागी पौल नसतो, कृपा व शांती असतात. त्या कोणाकडून? देव जो पिता आणि प्रभू येशू ख्रिस्त ह्यांच्यापासून. पत्र पौल पाठवतो. अभिवादन दुसराच पाठवतो. अर्ध्या मायन्यातच प्रेषकाची जागा बदलली आहे. एर्न्स्ट लोमायर ह्यांनी १९२७ मध्ये ह्या तुटक रचनेकडे लक्ष वेधले आणि असे अनुमान केले, की हे सूत्र पौलाने घडवले नसून आद्य मंडळीच्या उपासनेतून उचलले असावे. अनुमान पुष्कळांना मान्य झाले नाही. पण वाक्य तुटले आहे हे कोणालाही नाकारता येत नाही.

येथे एक अडचण लपवणे योग्य होणार नाही. थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र हे पौलाच्या उपलब्ध पत्रांत बहुधा सर्वांत जुने, इ. स. ५० च्या सुमाराचे. त्यात जुन्या चांगल्या हस्तलिखितांप्रमाणे नुसते ‘तुम्हांला कृपा व शांती’ एवढेच आहे; ‘यांच्यापासून’ हा भाग नाही. कलस्सैकरांस पत्रात केवळ पित्याचे नाव आहे. तेव्हा हे सूत्र आरंभापासून पक्के होते असे म्हणता येत नाही. लिहिता लिहिता ते घडत गेले. मात्र थेस्सलनीकेच्या पत्रातही कर्ता बदललेला आहेच, आणि ज्यांना अभिवादन करायचे ती मंडळी ‘देव पिता व प्रभू येशू ख्रिस्त ह्यांच्या ठायी’ आहे असे आधीच सांगितले आहे.

आपल्या जुन्या मराठी पत्रव्यवहाराशी ताडून पाहिले म्हणजे ह्या बदलाचे वजन कळते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील वाचकांना दरबारी पत्रांचे मायने अपरिचित नाहीत. ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’ कोणाला लिहायचे, ‘श्रीमंत’ कोणाला, ‘तीर्थरूप’ कोणाला, ‘चिरंजीव’ कोणाला, हे कारकुनाला आधी शिकावे लागे. वडिलांकडे नमस्कार जातो आणि वडिलांकडून आशीर्वाद येतो. मायन्यानेच दोघांची उंची मोजली जाते. पौल स्वतःला प्रेषित म्हणवतो, तीमथ्याला लेकरू म्हणतो. त्याने तीमथ्याला ‘अनेक आशीर्वाद’ लिहिले असते तर आपल्याला ते स्वाभाविक वाटले असते. तो तसे लिहीत नाही. लेकराला जी कृपा व शांती, तीच भांडखोर करिंथकरांना आणि तीच जिवलग फिलिप्पैकरांना. (तीमथ्याच्या दोन्ही पत्रांत मध्ये ‘दया’ वाढली आहे, एवढाच फरक.) वरून खाली येणारे जे आहे ते पौलाकडून येत नाही, म्हणून पौलाला उंची मोजण्याचे कारण उरत नाही.

गलतीकरांस पत्रात ह्याची कसोटी लागते. पौलाच्या पत्रांत मायन्यानंतर सहसा आभारप्रदर्शन असते. गलतीकरांस त्याने आभाराची एक ओळही लिहिलेली नाही; थेट आश्चर्य आणि संताप. दोन वचनांच्या आत दोनदा शाप उच्चारलेला आहे. तरीसुद्धा कृपा व शांती गाळलेली नाही. उलट ती वाढवली आहे, आणि आपल्या पापांबद्दल स्वतःला देणाऱ्या ख्रिस्ताची पूर्ण ओळख मायन्यातच करून दिली आहे (गल. १:३-५). बार कोसिबाच्या पत्रातही शालोम आणि धमकी शेजारी आहेत. परंतु तेथे शालोमचा धमकीशी संबंध नाही. येथे मायना हाच वादाचा पहिला मुद्दा आहे. ज्यांनी कृपा सोडली असे पौल पुढे म्हणणार आहे, त्यांना तो आरंभी कृपाच पाठवतो, कारण ती रोखून धरायला ती त्याची नव्हे. मंडळीतील एखाद्या गटाशी वैर पडले की आशीर्वचनाच्या वेळी स्वर कोरडा करणाऱ्या आम्हा पाळकांनी हे पत्र पहिल्या वचनापासून वाचावयास हवे.

मराठी भाषांतराविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. मूळ ग्रीकात पौलाच्या मायन्याच्या ह्या दुसऱ्या वाक्याला क्रियापद नाही. मराठीत ते द्यावेच लागते, आणि आपल्याकडे ‘असो’ दिलेले आहे. हे योग्य की ‘आहे’ म्हणणे योग्य, असा वाद अधूनमधून ऐकू येतो. ‘असो’ ही नुसती शुभेच्छा झाली, कृपा ही तर दिलेलीच आहे, असे म्हणणारे आहेत. नव्या करारातच ह्याचा पुरावा दोन्ही बाजूंचा आहे. पेत्राच्या दोन्ही पत्रांत व यहूदाच्या पत्रात क्रियापद घातलेले आहे आणि ते इच्छार्थी आहे : वाढत जावो, विपुल होवो. ही भाषा दानिएलाच्या पुस्तकातील राजांच्या फर्मानांतून आलेली आहे; नबुखद्नेस्सर आणि दारयावेश सर्व लोकांना असाच मायना लिहितात. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या मंडळीने करिंथच्या मंडळीला जे पत्र लिहिले, ज्याला आपण क्लेमेंताचे पहिले पत्र म्हणतो, त्यातही हेच क्रियापद आहे. उलट योहानाच्या दुसऱ्या पत्रात स्पष्ट भविष्यकाळ आहे : राहील. आमच्या मते बहुसंख्य साक्ष ‘असो’च्या बाजूची आहे आणि ते ठेवावे. फक्त मराठीत विषय गुंडाळतानाही आपण ‘असो’ म्हणतो. वाचनपीठावरून ते त्या सुरात बाहेर पडू नये, एवढे पुरे.

‘सलाम’ हा शब्द मात्र अधिक विचार करण्याजोगा आहे. ‘खायरेइन’ हा खास ग्रीक मायना नव्या करारात तीनच ठिकाणी आहे : यरुशलेमेच्या सभेचे पत्र (प्रे. कृ. १५:२३), क्लौद्य लुसिया ह्या सरदाराचे पत्र (प्रे. कृ. २३:२६), आणि याकोबाचे पत्र (याको. १:१). याकोबाने त्या झिजलेल्या नाण्याचा आवाज पुन्हा ऐकवला आहे : मायना ‘खायरेइन’ने संपतो आणि पुढच्याच वाक्यात ‘खारा’ म्हणजे आनंद येतो, तोही परीक्षांत माना म्हणून. आपल्या प्रचलित भाषांतरात पहिल्याला ‘सलाम’ म्हटल्यावर हा दुवा नाहीसा होतो. भाषांतरकारांना दोष देता येत नाही. ‘आनंदात असावे, आणि हाच आनंद’ असे काही लिहिले असते तर मायना मायन्यासारखा राहिला नसता. प्रवचनकाराने तो दुवा तोंडी सांगावा. गंमत अशी, की ‘सलाम’ अरबी-फारसीमार्गे आपल्याकडे आला तरी तो ‘शालोम’चा सख्खा भाऊ आहे. म्हणजे ग्रीक ‘खायरेइन’ला मराठीत सेमी कुळातला शब्द मिळाला, आणि जेथे पौलाच्या मनात ‘शालोम’ होता तेथे संस्कृत ‘शांती’ आली. ‘शांती’ म्हटले की आपल्या श्रोत्यांपुढे गप्प, निवांत मन उभे राहते. कोणाला ग्रहशांतीही आठवत असेल. शालोमचा अर्थ त्याहून भरलेला : सर्व काही धड असणे. ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे’ ह्या जुन्या ओळीतील ‘कुशल’ त्याला अधिक जवळचे आहे. शब्द बदलावा असे आम्ही म्हणत नाही. ‘शांती’ आता आपल्या गायनांत आणि प्रार्थनांत इतकी रुजली आहे की ती उपटणे इष्ट नाही. परंतु आपल्या खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती माणसे भेटताना एकमेकांना जो ‘सलाम’ करतात, त्यात पौलाच्या मायन्यातला निम्मा भाग नकळत उच्चारला जातो, हे त्यांना सांगितले तर त्यांना आनंदच होईल.

हाच ‘सलाम’ रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात भरभरून आहे. तिसऱ्यापासून सोळाव्या वचनापर्यंत ‘सलाम सांगा’ ह्या अर्थाचे क्रियापद सोळा वेळा आले आहे. ग्रीक खाजगी पत्रांतही अखेरीस सलामांची रांग असते. दुसऱ्या शतकात रोमी आरमारात भरती झालेला आपियोन नावाचा मिसरी तरुण मिसेनुम बंदरातून बापाला पत्र लिहितो, समुद्रातील संकटातून वाचवल्याबद्दल सेरापिस देवाचे आभार मानतो, घरच्यांना व मित्रांना सलाम सांगतो. आणि त्याच्या सोबत्यांचे सलाम कागदाच्या समासात दाटीवाटीने लिहिलेले आहेत. रोमकरांस पत्रातही असेच घडते. लेखणी चालवणारा तर्तिय मध्येच स्वतःचा सलाम घालतो (रोम. १६:२२). परंतु आपियोन एकट्या बापाला ‘तू सलाम सांग’ म्हणतो. पौल सोळाही वेळा ‘तुम्ही सांगा’ म्हणतो. पत्र ऐकणाऱ्यांनी उठून एकमेकांकडे जावयाचे आहे. रोममध्ये ख्रिस्ती लोक एका छताखाली जमत नव्हते. प्रिस्का व अक्विला ह्यांच्या घरची मंडळी वेगळी, असुंक्रित व त्याच्याबरोबरचे बंधू वेगळे, फिललोग व युलिया ह्यांच्या सोबतचे वेगळे. ज्या पत्रात बलवान व अशक्त ह्यांनी एकमेकांचा स्वीकार करावा असे सांगितले, त्याच्या शेवटी तो स्वीकार घरोघर जाऊन करण्याचे काम नेमून दिले आहे. ज्यांना नावाने सलाम आहे अशा चोवीस माणसांत कित्येक नावे गुलामांची व मुक्त झालेल्या गुलामांची असत तशी आहेत. आणि ज्यांनी ‘श्रम केले’ असे पौल म्हणतो त्या चौघी, मरीया, त्रुफैना, त्रुफोसा आणि पर्सिस, स्त्रिया आहेत. नावे उच्चारावयास कठीण म्हणून हा पाठ गाळणारा वाचक त्यांची नावे मंडळीपुढे येऊ देत नाही.

पत्राचा शेवटचा भाग पौल स्वतःच्या हाताने लिहीत असे, आणि प्रत्येक पत्रातील ती खूण आहे असे थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात सांगितले आहे (३:१७). गलतीकरांना तो आपली मोठाली अक्षरे दाखवतो. पपायरसांतही मजकूर लेखकाच्या वळणदार हातचा आणि शेवटचा ‘एर्रोसो’ वेगळ्या हातचा, असे पुष्कळदा दिसते. आपल्याकडे कारकुनाने मजकूर लिहावा आणि अखेरीस मोर्तब व्हावे तसेच. पौलाच्या हाताने मात्र ‘एर्रोसो’ लिहिलेले नाही. त्याच्या नावाने असलेल्या तेराही पत्रांच्या अखेरीस आरंभीची कृपाच पुन्हा येते. करिंथकरांस पहिल्या पत्रात स्वहस्ताच्या चार ओळींत शाप, ‘माराना था’ ही अरामी आरोळी, कृपा आणि स्वतःचे प्रेम, इतके सर्व आहे. ‘दिदाखे’तील भोजनाच्या प्रार्थनांच्या शेवटी कृपा आणि ‘माराना था’ हे शब्द तसेच जवळजवळ येतात. त्यावरून पत्राचे वाचन संपले की लगेच प्रभुभोजन सुरू होत असावे, पवित्र चुंबनही त्याचेच अंग असावे, अशी कल्पना कित्येकांनी मांडली आहे. कल्पना आकर्षक आहे. सिद्ध झालेली नाही. दुसऱ्या शतकाच्या मध्यास युस्तिन मार्टर प्रार्थनेनंतर व भाकर आणण्यापूर्वी चुंबन होत असे असे लिहितो, पण ती शंभर वर्षांनंतरची रीत होय.

आता त्या धर्मशिक्षकांच्या प्रश्नाकडे वळता येईल. पत्रे पौल स्वतः वाचून दाखवत नव्हता. थेस्सलनीकेचे पत्र सर्व बंधूंना वाचून दाखवावे अशी तो शपथ घालतो (१ थेस्स. ५:२७), म्हणजे वाचणारा दुसरा कोणी होता, त्याचे नावही आपल्याला माहीत नाही. रोमला पत्र घेऊन गेली ती बहुधा किंख्रियाच्या मंडळीतील फीबी. अशा कोणाच्या तरी तोंडून ‘तुम्हांला कृपा व शांती’ हे शब्द प्रथम ऐकू आले. त्या व्यक्तीला ‘आपणांला’ असा बदल करण्याची गरज पडली नाही, कारण ते शब्द तिचे नव्हते, आणि वाक्यरचना पाहता ते पौलाचेही नव्हते. देवाने अहरोनाला आशीर्वचनाचे शब्द दिले, तेथेही शेवटी ‘मी त्यांना आशीर्वाद देईन’ हे देवच म्हणतो (गण. ६:२७). योहानाच्या दुसऱ्या पत्रातील मायन्यात लेखक स्वतःलाही आत घेऊन ‘आपणांबरोबर’ म्हणतो, म्हणून तोही प्रयोग अशास्त्रीय नाही. परंतु ज्याला दीक्षा नाही त्याच्यापुरता तो राखून ठेवावा, ह्याला पत्रांत आधार सापडत नाही; योहानाच्या पत्रात तो वडीलच लिहितो. मंडळीच्या शिस्तीचे नियम वेगळ्या कारणांनी केलेले असतात, ते त्या त्या मंडळीने पाहावे. नियमाला प्रेषितांच्या पत्रांचा आधार आहे असे मात्र त्या गृहस्थांना सांगू नये. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या अखेरची त्रिविध कृपा पूर्वेकडील प्राचीन उपासनाविधींत महाप्रार्थनेच्या आरंभी म्हटली जाते आणि आपल्याकडे उपासनेच्या अखेरीस. जागा बदलली तरी शब्द बदलत नाहीत, हेही त्यांना सांगता येईल.

एक सूचना करून थांबतो. फिलेमोनाला पत्र पंचवीसच वचनांचे आहे. सावकाश वाचले तरी चार-पाच मिनिटांत संपते. ते एखाद्या रविवारी मायन्यापासून शेवटच्या शब्दापर्यंत, काहीही न गाळता वाचावे. मजकुराचा बहुतेक भाग एकवचनी आहे, तू आणि तुझा; परंतु मायन्यातील कृपा ‘तुम्हांला’ आहे आणि शेवटची कृपाही ‘तुमच्या’ आत्म्याबरोबर आहे, अनेकवचनी. पत्र फिलेमोनाच्या घरी जमणाऱ्या सबंध मंडळीपुढे वाचले जाणार होते, आणि ज्याच्याविषयी ते लिहिले तो ओनेसिम हा दासही त्याच वेळी तेथे उभा असणार. शेवटच्या ओळीतील ‘तुमच्या’ ह्या शब्दात त्याला धरावयाचे की नाही, हे त्या घरातच ठरावयाचे होते.